आखाती रुपया : धारकाला दिलेलं वचन

अनेक देशांचं एक चलन म्हटलं की आता सगळ्यांना युरो आठवतो. पण मंडळी, असं एक चलन आपल्या रिझर्व्ह बँकेनेही चालवलं आहे. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, अबू धाबी, मस्कत या सगळ्या बाजारांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रुपयाच चाले. ब्रिटिशांचा आखातातला कारभार बराच काळ हिंदुस्थानातून होई, आणि तिथल्या मोत्यांची मोठी पेठ मुंबईत होती. मोती इकडे येत, तांदूळ आणि कापड तिकडे जाई. १९४७ साली इंग्रज इथून गेले. रुपया मात्र तिथे राहिला.

आता गंमत बघा. नोट म्हणजे वचन. 'धारकास इतके रुपये अदा करीन', असं गव्हर्नर सही करून सांगतो. हा धारक कोण? त्याला नाव नाही, गाव नाही, धर्म नाही. हातात कागद आहे, एवढीच त्याची ओळख. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे फार आवडतं. रिझर्व्ह बँकेला ते महागात पडलं.

कारण सोनं. स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या आयातीवर बंदी होती, त्यामुळे इथला भाव बाहेरच्यापेक्षा खूप चढा. दुबईत सोनं घ्यायचं, गलबतातून पश्चिम किनाऱ्यावर उतरवायचं, मिळालेल्या नोटा चोरून परत न्यायच्या. तिथल्या बँका त्याच नोटा रिझर्व्ह बँकेकडे पाठवून स्टर्लिंग मागत. ही नोट कुवेतच्या दुकानदाराची की तस्कराची, हे ओळखणार कसं? दोन्ही धारकच! देशाची परकीय गंगाजळी अशी झिरपत होती.

१९५९ साली, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, कायदा बदलला. आखातासाठी वेगळ्या नोटा निघाल्या : १, ५, १० आणि १०० रुपयांच्या. नक्षी आपल्याच नोटांची, रंग निराळे, क्रमांकाआधी इंग्रजी 'झेड' अक्षर. शंभराची नोट हिरवी, दहाची लाल. या नोटा भारतात कायदेशीर चलन नव्हत्या. साध्या भारतीय नोटा तिकडे बदलून घ्यायला थोडी मुदत दिली, आणि मग ते दार बंद. म्हणजे काय झालं, तर धारकाला पहिल्यांदाच पत्ता चिकटला. दहाच्या नोटेच्या पाठीवर शिडाचं जहाज होतं, हा निव्वळ योगायोग. पण सोनं आणणारी गलबतं त्याच जातीची! तस्करी काही थांबली नाही, पैशाने दुसऱ्या वाटा शोधल्या.

इथवर भारताची बाजू मला पटते. आपली गंगाजळी राखणं हे सरकारचं कामच होतं. पुढचं प्रकरण इतकं सरळ नाही. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार काढला. बाकीचे रुपयावरच राहिले. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं : डॉलरला ४.७६ रुपये पडत होते, ते ७.५० झाले, पौंडाचे १३.३३ वरून २१. आखाती रुपया आपल्याच रुपयाला बांधलेला, तोही त्याच रात्री घसरला. निर्णय दिल्लीचा, कारणं दिल्लीची : युद्ध, दुष्काळ, परदेशी मदतीची अट. शारजाच्या कोळ्याचा या कशाशीच संबंध नव्हता. त्याच्या नोटेवरचा आकडा तसाच राहिला, बाजारातली ताकद तेवढी गेली. वचन अक्षरशः पाळलं गेलं, असं कुणी म्हणू शकेल. मी म्हणणार नाही. ज्याला मत देता येत नाही, दाद मागता येत नाही, अशा माणसाच्या खिशातलं चलन तुम्ही चालवता, तेव्हा नुसत्या अक्षरांवर भागत नाही.

त्या लोकांनी उत्तर भाषणातून दिलं नाही, दरातून दिलं. कतार आणि दुबईने काही काळ सौदी रियाल वापरला आणि त्याच वर्षी दोघांचा मिळून नवा रियाल काढला. त्याची किंमत त्यांनी ठरवली ती अवमूल्यनाआधीच्या रुपयाइतकी. अबू धाबीने बहारीनचा दिनार घेतला. ओमानमध्ये मात्र आपली नोट १९७० पर्यंत चालत राहिली.