डॉक्टर कुठे जातो?

1842 साली पोर्तुगीज राजवटीने गोव्यात वैद्यकीय शाळा काढली. तिथे शिकलेले कितीतरी गोमंतकीय डॉक्टर पुढे मोझांबिक-अंगोलासारख्या वसाहतींत सरकारी नोकरीवर गेले. डॉक्टर कुठे जातो याचा मागोवा आपण इथूनच घ्यावा, कारण सेवाभाव किंवा पैसा यांच्याही आधी प्रश्न येतो तो कोणती जागा कुणाला खुली होती, हा.

तीन वर्षांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले. 1851 साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतल्या भाऊ दाजी लाडांनी मुंबईतच खासगी व्यवसायात नाव काढले. सरकारी इस्पितळांतल्या वरच्या खुर्च्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, म्हणजे मुख्यतः गोऱ्या, अधिकाऱ्यांच्या होत्या. स्त्रियांची वाट त्याहून अरुंद. त्यांना मागणी होती ती जनाना इस्पितळांत आणि संस्थानांत. 1886 साली अमेरिकेत पदवी घेतलेल्या आनंदीबाई जोशींना कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड इस्पितळाने बोलावले. पण रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी 1887 मध्ये, त्या गेल्या. 1894 साली लंडनहून डॉक्टर होऊन आलेल्या रखमाबाईंनी जन्मभराचे काम केले ते सुरत-राजकोटला. ज्या मुंबईत त्यांचा विवाहखटला गाजला, तिथे नव्हे.

1926 साली परळला गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम इस्पितळ सुरू झाले, तेव्हा अध्यापक भारतीयच हवेत, ही देणगीदारांची अट होती. पगारापेक्षाही मोठे आमिष होते ते हे: विभाग आपला, निर्णय आपला. मात्र ही वाट शहरातच संपत होती. 1946 च्या भोर समितीने सुमारे 6,300 माणसांमागे एक डॉक्टर असल्याचे नोंदवले आणि एकाच प्रकारच्या पदवीधर डॉक्टरचा आग्रह धरला. तेव्हाच्या डॉक्टरांत बहुसंख्य असलेले, कमी मुदतीत शिकलेले लायसेन्शिएट पुढे इतिहासजमा झाले. माझ्या मते खेड्याला याची किंमत मोजावी लागली. ज्याला छोट्या गावात दवाखाना थाटणे परवडत होते, तोच वर्ग आपण बंद केला.

मग खेड्यांतच काम करायला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले, 1986 साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत. दोन्ही जोडपी जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकलेली. त्यांच्या त्यागाची गोष्ट आपल्याला तोंडपाठ असते, पण त्यांनी तिथे कुणाची नोकरी धरली नव्हती, हे आपण सहसा विसरतो. काम काय आणि कसे करायचे, हे त्यांनीच ठरवले. केईएमच्या त्या अटीमागची ओढ इथे आडगावी पोहोचली होती.

आज महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याला बॉन्डनुसार एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होताना तो विचारतो ते क्वार्टर राहण्याजोगे आहे का, रात्री दुसरा डॉक्टर असतो का, पीजीच्या अभ्यासाला वेळ मिळेल का. आणि लग्न झालेले असेल, तर जोडीदाराला त्याच तालुक्यात जागा मिळेल का.