चिमुकल्या बोटांचे कापडी पुस्तक

वर्ष-दीड वर्षाच्या बाळाच्या हाती कागदी पुस्तक दिले, तर ते पाहण्यापेक्षा चाखण्याकडेच त्याचा कल अधिक असतो. लंडनमध्ये १९०३ साली स्थापन झालेल्या ‘डीन्स रॅग बुक’ या कंपनीने त्यावर कापडी पुस्तकांचा तोडगा काढला होता. आता ‘क्वाएट बुक’ या नावाने परिचित असलेले कृतिपुस्तक हे त्याच कुळातले, पण पाहण्यापेक्षा हाताळण्यासाठी अधिक. त्याच्या पानांवर चित्रांच्या जोडीने खिसे, चेन, बटणे, वेल्क्रो आणि नाड्या असतात. जुन्या लुगड्यांची दुपटी आणि गोधड्या शिवणाऱ्या घरांत असे पुस्तक तयार होणे मुळीच अवघड नाही.

यामागचा विचार मात्र शिवणकामातून आलेला नाही, तो बालशिक्षणातला आहे. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी रोममध्ये १९०७ साली पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या साधनांमध्ये लाकडी चौकटीवर ताणलेल्या दोन कापडी पट्ट्या असत आणि त्या जोडण्याचा एकच प्रकार एका चौकटीवर असे. कुठे बटणे, कुठे हूक, कुठे गाठ मारायचे बंद. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व नंतर कोसबाडला बालशिक्षणाचे जे काम केले, त्यात परिसरातल्या बिनखर्चिक वस्तूंतून साधने घडविण्यावर भर होता. कापडी पुस्तक करताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत: साहित्य घरातले आणि एका पानावर कृती एकच. हौसेच्या भरात एकाच पानावर झाड, घर, गाडी, चेन आणि चार बटणे बसविली, तर ते पान मोठ्यांना मोहविते. बाळ मात्र कशालाच धड हात घालत नाही.

कृती निवडताना वयाचा अंदाज घ्यावा. साधारण दीड वर्षाच्या मुलाला झडप उचलून खालचे मांजर पाहणे, खिशात हात घालणे, वेल्क्रो टर्रकन उघडणे एवढे पुरते. दोनच्या आसपास चेन ओढता येऊ लागते, मात्र तिच्या टोकाला धरायला कापडी पट्टी शिवून द्यावी. बटण आधी काढता येते, लावणे बऱ्याच नंतर, बहुधा तिसऱ्या वर्षी जमते. नाडी ओवणे आणि बक्कल त्याहून पुढचे. मुलांचा वेग सारखा नसतो. म्हणून दोन पाने आजच्या जमणाऱ्या कृतींची आणि एखादे उद्याचे, असा बेत चांगला.

खरी काळजी आहे ती सुट्या वस्तूंची. बाजारातील बहुतेक खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक झाले आहे. घरी शिवलेल्या पुस्तकाला अशी कोणतीच चाचणी नसते. ती करणाऱ्यानेच करायची. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचे बारीक भाग तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते, असे मानले जाते. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे हे नळकांडे त्याहून थोडेच मोठे. सदऱ्याचे बटण त्यात सहज जाते. तेव्हा बटण साडेतीन सेंटिमीटरहून मोठे घ्यावे किंवा फेल्टचे दोन-तीन थर शिवून तळव्याएवढे कापडी बटण करावे. शिवून झाल्यावर अर्धी बादली पाणी उचलताना लागतो तेवढा जोर लावून ते ओढून पाहावे. दोरा हलला तर पुन्हा शिवावे.

घुंगरू, मणी, टिकल्या, हलणारे प्लास्टिकचे डोळे यांचा मोह टाळावा. डोळे भरतकामाने काढलेलेच बरे. लोहचुंबक तर नकोच. दोन चुंबक गिळले गेल्यास ते आतड्याच्या भिंतींतून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला छिद्र पाडतात. संगीताच्या चकतीतील बटणासारखी बॅटरी घशात अडकली, तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते. वेल्क्रोने लावायची फळे, मासे हे मुठीत न मावणारे करून छोट्या पट्टीने पानालाच जोडावेत. नाडी वीतभरापेक्षा लांब नसावी.

आता प्रत्यक्ष शिवण. मांजरपाट किंवा जाड सुती कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे, नाहीतर तयार पुस्तक पहिल्याच धुण्यात आक्रसते. लाल आणि निळ्या तुकड्यांचा रंग जातो का, तेही तेव्हाच कळते. ४३ बाय २३ सेंटिमीटरचे सहा तुकडे कापावेत. दीड सेंटिमीटर शिवणीत गेल्यावर प्रत्येकावर वीस सेंटिमीटरची दोन चौकोनी पाने मिळतात. चित्रे आणि कृती आधी सुट्या तुकड्यावर शिवाव्यात. मग दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून, त्यावर जुन्या फ्लॅनेलचा थर घालून कडेने टीप मारावी. थोडी जागा सोडून उलटवावे आणि ती फट हाताने बंद करावी. अशा तीन घड्या एकावर एक ठेवून मध्यभागी दुहेरी टीप मारली की बारा पानांचे पुस्तक होते.

येथे बहुतेकांची एक गफलत होते. एकाच तुकड्यावरची दोन पाने पुस्तकात शेजारी येतातच असे नाही. बाहेरच्या घडीवर पहिले व बारावे पान एका बाजूला, दुसरे व अकरावे दुसऱ्या बाजूला येते. सहावे आणि सातवे तेवढे जोडीने उघडते. म्हणून कागदाच्या तीन घड्या करून, पानांना क्रमांक घालून मगच कापडाला हात घालावा. समोरासमोरच्या पानांवर चेन आणि जाड बटण एकाच जागी येऊ देऊ नयेत, पुस्तक मिटत नाही. शिलाई यंत्राला १६ क्रमांकाची सुई लावावी; त्यातूनही थर जड गेले तर मधली शिवण जाड दोऱ्याने हातानेच उलटी टीप घालून करावी.

आतमध्ये पुठ्ठा घालू नये, धुताना त्याचा लगदा होतो. धुताना वेल्क्रो व चेन बंद करून पुस्तक कोमट पाण्यात हाताने धुवावे आणि उन्हात पूर्ण वाळवावे, कारण आतला थर ओला राहिला की कुबट वास येतो. दर धुण्यानंतर बटणे पुन्हा ओढून पाहावीत. पहिली शिवण उसवते ती बहुधा चेनच्या टोकाची.