मोमिनाबाद ते कीव्ह: भाषेचं भांडण

रशिया-युक्रेन म्हटलं की आपण थेट नाटो आणि क्रिमियावर येतो. आज जरा मागे जाऊ, आणि सुरुवात आपल्या बीड जिल्ह्यातून करू.

निजामाच्या कागदोपत्री अंबाजोगाईचं नाव होतं मोमिनाबाद. दासोपंतांचं गाव हे! पण 1884 मध्ये हैदराबाद संस्थानची राजभाषा उर्दू झाली. घरात मराठी, कचेरीत उर्दू. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. (त्या काळात देशी भाषेत विद्यापीठ चालवणं ही खरं तर मोठीच गोष्ट, फक्त ती भाषा आपली नव्हती.) म्हणून अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेला नुसती शाळा म्हणून भागत नाही. तिथे काम करणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे मुक्तिसंग्रामाचे पुढारी झाले.

आता तिकडे बघा. 988 साली कीव्हच्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. युक्रेनियन त्याला व्होलोदिमिर म्हणतात, रशियन व्लादिमिर. आजोबा एकच, सातबारा दोघांना हवा! 1654 मध्ये पेरेयास्लावला कोसॅकांनी झारशी निष्ठेची शपथ घेतली. तो करार होता की विलीनीकरण, यावर अजून वाद आहे.

पण माझ्या मते खरी मेख पुढे आहे. 1863 मध्ये झारचा मंत्री वालुयेव याने परिपत्रक काढलं. युक्रेनियन अशी वेगळी भाषाच नाही, रशियनचीच बिघडलेली बोली आहे, असा त्याचा सूर. 1876 च्या एम्स हुकमाने त्या भाषेत पुस्तकं छापणं जवळपास बंद केलं, बाहेरून आणणंही.

फरक लक्षात घ्या. निजामाने मराठीला कचेरीच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं, पण अशी भाषाच नाही असं काही म्हटलं नाही. झारशाहीने म्हटलं. त्यात 1932-33 चा दुष्काळ, स्टालिनच्या धान्यवसुलीने लादलेला. लाखो माणसं उपाशी मेली. मग 1991 च्या डिसेंबरात नव्वद टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याला पडली, यात नवल काय? तरी 2021 च्या जुलैत पुतिन यांनी लेख लिहिला की आपण एकच लोक. 24 फेब्रुवारी 2022 ला सैन्य घुसलं.

आता एवढ्यावरून हे दोन भाषांचं युद्ध समजू नका. झेलेन्स्कींच्या घरची भाषा रशियनच. आणि आपल्याकडे ऑगस्ट 1948 मध्ये निजामाविरुद्ध लिहिलं म्हणून रझाकारांनी ज्यांना मारलं, त्या शोएबुल्ला खान यांचं 'इमरोज' उर्दूतच निघायचं.