गाळलेल्या हवेचा इतिहास : गॅस मास्क ते चिपचा कारखाना

२ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीतील ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेत ‘विक्रम ३२०१’ हा ३२ बिटांचा प्रोसेसर पंतप्रधानांना सादर करण्यात आला. अग्निबाणांसाठी घडवलेली ही चिप मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने तयार झाली. चिपची चर्चा पुष्कळ झाली. ती ज्या हवेत जन्मली, त्या हवेची फारशी झाली नाही. एवढ्या अरुंद रेषेवर अर्ध्या मायक्रॉनचा धूलिकण बसणे म्हणजे पायवाटेवर दरड कोसळणे होय.

या हवेचा इतिहास युद्धात सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन गॅस मास्कमधील गाळणकागद ब्रिटिशांच्या हाती लागला. सेल्युलोजमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेल्या त्या कागदाच्या धर्तीवर अमेरिकी सैन्याने आपला कागद बनवला आणि मॅनहॅटन प्रकल्पात किरणोत्सारी कण बाहेर पडू नयेत म्हणून त्याच्या गाळण्या बसल्या. पुढे अ‍ॅस्बेस्टॉसची जागा काचतंतूंनी घेतली आणि ‘हेपा’ हे नाव रूढ झाले.

हेपा ही चाळणी नव्हे. तिच्या तंतूंमधील फटी कित्येक कणांहून मोठ्या असतात. मोठा कण जडत्वामुळे हवेबरोबर वळू शकत नाही व तंतूवर आदळतो. अतिसूक्ष्म कण ब्राउनीय गतीने भरकटत तंतूला चिकटतो. निसटतो तो मधला, साधारण ०.३ मायक्रॉनचा. युद्धकाळात अर्व्हिंग लँगम्यूर यांनी या आकाराकडे लक्ष वेधले, आणि ‘०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवणे’ ही कसोटी ठरली. त्याहून लहान कण अधिक सहज अडकतात, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला उलटीच वाटते.

मात्र उत्तम गाळणी असूनही खोली स्वच्छ होत नव्हती. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत अण्वस्त्रांचे सूक्ष्म भाग जोडले जात, तेथे धूळ आणीत ती माणसेच : त्वचेचे कण, कपड्यांचे तंतू. आत सोडलेली शुद्ध हवा ही धूळ नुसतीच घुसळत राही. भौतिकशास्त्रज्ञ विलिस व्हिटफील्ड यांनी १९६० नंतर साधा उपाय शोधला. गाळण्यांमधून आलेली हवा एकाच दिशेने, संथ व अखंड वाहावी आणि धूळ सोबत घेऊन जाळीच्या जमिनीतून बाहेर पडावी. कणांची मोजणी इतकी कमी आली की मापकच बिघडले असावेत, अशी शंका घेतली गेली. १९६४ मध्ये पेटंट मिळाले.

येथे गाळणीचे प्रयोजन उलटले. गॅस मास्क माणसाला हवेपासून वाचवत होता. स्वच्छ खोली वस्तूला माणसापासून वाचवू लागली. पेनिसिलिनच्या कारखान्यात दोन्ही सांभाळावे लागते : औषध निर्जंतुक राहावे आणि त्याची पूड बाहेर जाऊन कुणाला अ‍ॅलर्जीचा झटका येऊ नये. सिमेंट कारखान्यात कापडी पिशव्यांची गाळणी लागते, कारण तेथे मायक्रॉनपेक्षा टनांचा हिशेब असतो.

कापडगिरण्यांचे उदाहरण मात्र बोचणारे आहे. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत हवेवर प्रक्रिया होत असे, पण सूत तुटू नये म्हणून ती दमट राखण्यासाठी. ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यातील कामगारांच्या छातीत कापसाची धूळ साठत राहिली. साप्ताहिक सुटीनंतर कामावर येताच छाती आवळे. या विकाराला बिसिनोसिस म्हणतात.

मोहालीत चिपनिर्मिती १९८४ मध्ये सुरू झाली. १९८९ च्या आगीने ती मागे पडली. मार्च २०२४ मध्ये गुजरातेत धोलेरा येथील फॅबची पायाभरणी झाली. ज्या सिलिकापासून सिलिकॉन काढतात, त्याचीच धूळ दगडखाणींत मजुरांना सिलिकोसिस देते. तेथे आजही अनेकांच्या नाकावर गमछा असतो, आणि फुप्फुसात खोलवर जाणारे कण त्यातून सहज पार होतात.