परकीय मजूर, प्रजासत्ताक आणि फॅसिझम : फ्रान्सचा अनुभव

परकीयांची संख्या वाढली की जनतेत असंतोष वाढतो आणि त्यातून फॅसिझम जन्मास येतो, असे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. दोन महायुद्धांमधील फ्रान्सचा इतिहास तपासला असता हे स्पष्टीकरण टिकत नाही.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे १३ लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. खाणी, शेती व कारखाने यांना माणसे हवी होती. पोलंड, इटली व स्पेन येथून मजूर आणण्यात आले. अल्जीरियातील मुस्लिम कामगारही आले. ते कायद्याने परकीय नव्हते, फ्रान्सचे प्रजाजन होते. तरीही १९२५ पासून पॅरिसमध्ये त्यांच्यावर देखरेखीसाठी स्वतंत्र पोलीस पथक होते. १९२७ च्या कायद्याने नागरिकत्वासाठी वास्तव्याची अट १० वर्षांवरून ३ वर्षांवर आणली. १९३१ च्या जनगणनेत परकीयांची संख्या सुमारे २७ लाख भरली.

त्यानंतर जागतिक मंदीचे चटके बसू लागले. १९३२ च्या कायद्याने परकीय कामगारांच्या प्रमाणावर मर्यादा घालण्याची तरतूद केली. पोलिश खाणकामगारांना कुटुंबांसह आगगाड्यांत बसवून परत पाठविण्यात आले. १९३६ पर्यंत परकीयांची संख्या सुमारे २२ लाखांवर उतरली. परंतु याच काळात अतिउजव्या संघटनांचा जोर वाढला आणि ६ फेब्रुवारी १९३४ रोजी त्यांनी पॅरिसमध्ये दंगल घडविली. संख्या घटत होती, द्वेष मात्र वाढत होता. तेव्हा द्वेषाचे मूळ संख्येत नसून बेकारी, पराभवाची भीती आणि या दोहोंचे खापर दुर्बलांवर फोडणाऱ्या राजकारणात शोधावे लागते.

लोकशाही सरकारने या राजकारणाशी सामना करण्याऐवजी त्यापुढे माघार घेतली. पंतप्रधान दालादिए यांच्या सरकारने नोव्हेंबर १९३८ मध्ये काढलेल्या हुकुमाने 'अवांछित' परकीयांना स्थानबद्ध करण्याचा अधिकार प्रशासनास दिला आणि नव्या नागरिकांचे नागरिकत्व काढून घेणे सोपे केले. १९३९ च्या आरंभी फ्रँकोच्या सैन्यापुढून पळून आलेल्या लाखो स्पॅनिश निर्वासितांना समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत काटेरी तारांच्या कुंपणाआड ठेवण्यात आले.

जून १९४० मध्ये फ्रान्सचा पराभव झाला व मार्शल पेतँ यांची विशी राजवट आली. ही राजवट पूर्णार्थाने फॅसिस्ट होती काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण तिला छावण्या नव्याने शोधाव्या लागल्या नाहीत, हे निर्विवाद. २२ जुलै १९४० च्या कायद्याने १९२७ पासून दिलेल्या नागरिकत्वांची फेरतपासणी सुरू झाली आणि सुमारे १५ हजार लोकांचे नागरिकत्व गेले. ४ ऑक्टोबरच्या कायद्याने परकीय ज्यूंना स्थानबद्ध करण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. १६ व १७ जुलै १९४२ रोजी पॅरिस व परिसरात फ्रेंच पोलिसांनीच नोंदपत्रांच्या आधारे सुमारे १३ हजार ज्यूंना पकडले. त्यांत ४ हजारांहून अधिक मुले होती. आईबाप परकीय असले तरी यांतील बहुतेक मुले फ्रान्समध्येच जन्मलेली होती. या कृत्यातील फ्रेंच राज्याची जबाबदारी राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी १९९५ मध्ये मान्य केली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. स्थलांतरितांच्या आगमनाने फ्रान्समध्ये हुकूमशाही आली नाही. ती लष्करी पराभवाने आली. मात्र ती आली तेव्हा हुकूम, छावण्या आणि 'अवांछित' हा शब्द तयार होता. तो प्रजासत्ताकानेच घडविला होता, आणि तोही केवळ परकीयांसाठी म्हणून.