नुसते बी.ए. करून पुढे काय?

बंगळुरूतील मराठी घरांत मुलांच्या प्रवेशाचा विषय निघाला, की हा प्रश्न हमखास कानी पडतो. त्याचे एक उत्तर याच राज्याच्या इतिहासात आहे.

१९१६ साली म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा सर विश्वेश्वरय्या संस्थानचे दिवाण होते. पुण्यात अभियांत्रिकी शिकण्यापूर्वी तेही बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात बी.ए. झाले होते. नव्या विद्यापीठात विज्ञानशाखा प्रामुख्याने या सेंट्रल कॉलेजाकडे आली आणि कलाशाखा म्हैसूरच्या महाराजा कॉलेजाकडे गेली.

महाराजा कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक ए. आर. वाडिया यांनी ‘सामाजिक तत्त्वज्ञान’ हा ऑनर्सचा अभ्यासक्रम आखला. नीतिशास्त्र, राजकीय विचार, समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांचा त्यात एकत्र अभ्यास होई. १९३६ साली ही पदवी घेऊन एम. एन. श्रीनिवास मुंबई विद्यापीठात मालवणच्या गो. स. घुर्ये यांच्याकडे गेले, आणि तेथून पुढे ऑक्सफर्डला. १९४८ मध्ये त्यांनी म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून तेथील समाजजीवनाचा अभ्यास केला. लेखनात त्या खेड्याला ‘रामपुरा’ असे नाव दिले. ‘प्रभावी जात’ आणि ‘व्होट बँक’ या संज्ञा त्यांनीच पन्नाशीच्या दशकात रूढ केल्या. १९७२ मध्ये ते बंगळुरूला आले आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्यासमवेत सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेच्या उभारणीत सहभागी झाले.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. आकड्यांवर माझा विश्वास आहे. परंतु निधी किती खर्च झाला एवढेच तक्ता सांगतो. नळ कोणत्या आळीपर्यंत पोहोचला, कोठे थांबला आणि का, हे गावातील सत्तेची रचना समजल्याखेरीज उमगत नाही. ती समज देणारी संकल्पना एका बी.ए. ऑनर्सच्या विद्यार्थ्याने प्रशासनाला दिली आहे.

प्रत्येक पदवीधर श्रीनिवास होत नाही, हे खरे. पालकांची नोकरीविषयीची चिंताही अनाठायी नाही. तथापि २०२५ मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानेही तीन वर्षांचा बी.ए. ऑनर्स अभ्यासक्रम सुरू केला. अशा निवडक संस्थांचे दार ज्यांना शुल्क आणि इंग्रजी परवडते त्यांच्यापुरतेच उघडे राहिले, तर ज्या आळीपर्यंत नळ पोहोचत नाही, तेथील मुले या वर्गांत दिसणार नाहीत. म्हणून ‘बी.ए. करून काय?’ याबरोबरच ‘बी.ए. कोणाला करता येणार?’ हाही प्रश्न आपण विचारावा.