दामण हातात असलेली माणसं

तोंडवलीपासून तळाशीलपर्यंत आमची वाळूची पट्टी आहे. पश्चिमेला दर्या, पूर्वेला गड नदीची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत माड, सुरू, वाघेश्वराचं देऊळ आणि आमची घरं. तळाशीलच्या टोकाला खाडीचं मुख येतं. त्याच्या पलीकडे सर्जेकोट आहे, शिवाजी महाराजांनी १६६८ साली बांधलेला. सिंधुदुर्गाची पायाभरणी त्याच्या चार वर्षं आधीची. खाडीतून वर गेलं की मसुऱ्याचा भरतगड आणि समोरच्या काठावर भगवंतगड. एवढ्याशा नदीवर तीन किल्ले उगाच उभे राहत नाहीत. ही खाडी म्हणजे वाट होती. मसुऱ्यापासून मुखापर्यंत माल होडीने यायचा आणि मुखाबाहेर तो शिडाच्या जहाजात चढायचा.

त्या शिडांबद्दल लिहायला मी आत्ता बसले त्याला निमित्त झाली माझी भाची. ती नॉर्वेत नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने सुट्टी काढली आणि पैसे भरून तिथल्या एका मोठ्या शिडाच्या जहाजावर खलाशी म्हणून गेली. तिथे अशी जहाजं जपून ठेवली आहेत. बर्गनचं 'स्टाट्सरोड लेमकुल' १९१४ सालचं, ओस्लोचं 'क्रिस्टियान राडिख' १९३७ सालचं, क्रिस्टियानसांडचं 'सोर्लांडेट' १९२७ सालचं. त्यांवर शाळा-कॉलेजातली मुलं, बँकेतली माणसं, निवृत्त लोक असे कुणीही जातात. चार तासांची पाळी, मग आठ तास सुटका, पुन्हा पाळी. त्या पाळीत सुकाणू धरायचं, नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, उभं राहून पुढे नजर ठेवायची, दोर ओढायचे, डेक घासायचा. हिंमत असेल त्याने डोलकाठीवर चढून शीड गुंडाळायचं. झोपायला झोळ्या.

"मावशी," ती फोनवर म्हणाली, "पहिल्या दिवशी आम्हाला काय शिकवलं सांगू? दोर हाताला गुंडाळायचा नाही. वारा भरला तर हात जाईल."

हे वाक्य मी लहानपणी ऐकलेलं होतं, मालवणीत. माझे आजोबा, आम्ही त्यांना आजो म्हणायचो, शिडाच्या मालवाहू पडावावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. अंगणात आम्ही पोरं दोर घेऊन खेळू लागलो की ते ओरडायचे, "सोडू नको, पण हाताक गुंडाळूनय घेव नको!" बर्गनच्या बंदरात आणि आमच्या अंगणात एकच गोष्ट शिकवली जाते, कारण दोर आणि वारा दोन्हीकडे सारखेच वागतात. फरक एवढाच की तिकडे ती शिकवण अजून चालू आहे. आमच्याकडे ती शिकवणारी माणसं एकेक करून गेली.

आमच्या किनाऱ्यावर शिडांचं राज्य किती मोठं होतं हे आज सांगूनही पटत नाही. मराठ्यांच्या आरमारात गुराबा आणि गलबतं होती. ऑर्म नावाच्या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात त्यांची वर्णनं लिहून ठेवली. तीन डोलकाठ्यांची गुराब ३०० टनांपर्यंत, दोन डोलकाठ्यांची १५० टनांच्या आसपास, आणि गलबत क्वचितच ७० टनांवर. गलबताला शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला तरी गलबत अडत नसे, कधीकधी गुराबेला दोर लावून तेच ओढत नेई. आरमार संपलं तरी माणसं संपली नाहीत. गाबीत, भंडारी, खारवी, दालदी या किनाऱ्यावरच्याच लोकांनी पुढे मालवाहतूक हाती घेतली. फतेमारी, मचवा, पडाव ही त्यांची जहाजं. मोठी फतेमारी पाऊणशे फूट लांब आणि सुमारे २०० टनांची असे, असं जॉन एडी या इंग्रज नौकाबांधणी अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात मोजून नोंदवलं आहे. मंगळूरची कौलं, मलबारचं लाकूड आणि काथ्या, शिरोड्याचं मीठ, आमच्याकडचे नारळ आणि आमसुलं, सगळं वाऱ्यावर मुंबईला जायचं आणि मुंबईचं कापड, रॉकेल वाऱ्यावरच परत यायचं. आमच्या घरावरची कौलं आजोंनी स्वतः मंगळूरहून आणली होती. अजून ती शाबूत आहेत.

वर्षाचं गणित सरळ होतं. वैशाख सरता सरता नैर्ऋत्येचा वारा चढू लागला की जहाजं खाडीत घ्यायची, भरतीला वर ओढायची, खाली ओंडके द्यायचे आणि वर झापांचं छप्पर घालायचं. पावसाळाभर शिडं शिवणं, काथ्या वळणं, दोरांची डागडुजी. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा, पण नारळ दिला म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी मुंबईला निघत नसे. भाद्रपदातली मळभं निवळली, लाटांचा जोर उतरला की जहाज पाण्यात लोटायचं. त्याआधी तळाला चुना आणि चरबी, वरच्या अंगाला मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं तेल. त्या तेलाचा वास नाकात बसलेला माणूस जन्मात विसरत नाही.

मुंबईला जाताना खरा कस लागायचा. हिवाळ्यात दिवसा वारा वायव्येकडून, म्हणजे थेट तोंडावर. आजो रात्रीचं निघायचे. मध्यरात्रीनंतर जमीन गार झाली की मतलई वारा सुटतो, किनाऱ्यावरून दर्याकडे. त्यावर जहाज उत्तरेला काढायचं आणि थोडं बाहेरही घ्यायचं. सकाळी मतलई पडला की जहाज डुलत राहायचं, तेवढ्यात पेज व्हायची. दुपारी खारा वारा, दर्याकडून जमिनीकडे. मग त्या वाऱ्यावर तिरपं किनाऱ्याकडे यायचं, आणि संध्याकाळी एखाद्या खाडीच्या आडोशाला नांगर. असं रोज दोन वाऱ्यांच्या मधून पुढे सरकत देवगड, विजयदुर्ग, जयगड, हर्णै करत मुंबई गाठायची. कागदी नकाशा आजोंनी कधी उघडल्याचं मला आठवत नाही. मालवणच्या बंदरात पाण्याखाली खडकांचं जाळं आहे, तरी ते अंधारात आत यायचे. कुठला माड कुठल्या देवळाच्या शिखराच्या रेषेत आला की सुकाणू फिरवायचं, हे त्यांना पाठ होतं.

सगळ्यात अवघड काम शीड फिरवण्याचं. आमचं शीड नॉर्वेतल्या जहाजासारखं आडव्या काठ्यांवर टांगलेलं नसे. एक लांबलचक तिरपी काठी, तिला परबाण म्हणतात, पुढे झुकलेल्या डोलकाठीवर टांगायची, आणि त्या परबाणाला शीड. परबाणाचं खालचं टोक नाळेकडे बांधलेलं. शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्याला जो दोर, तो दामण. दामण आवळली की शीड ताठ, सैल सोडली की वारा सुटतो. वारा डावीकडून घेत होतो, आता उजवीकडून घ्यायचा आहे, तर हे सगळं डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावं लागतं. तांडेल जहाजाची पाठ वाऱ्याला देतो. परबाणाचं खालचं टोक सोडून डोलकाठीच्या बुडाशी ओढून आणतात, तशी परबाण डोलकाठीला चिकटून उभी राहते. शीड मोकळं होऊन नाळेपुढे फडफडू लागतं. तेवढ्यात दोन-तीन खलाशी दामण घेऊन नाळेकडे पळतात, पुढून वळसा घालतात आणि दुसऱ्या अंगाने मागे येतात. मग परबाणाचं टोक पुन्हा पुढे, दामण आवळ, आणि शीड नव्या बाजूला भरतं. हे सगळं जहाज हेलकावत असताना. वळसा पुरा व्हायच्या आत शिडात वारा भरला तर दामण चाबकासारखी उसळते. आजोंच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. ती अशाच एका दामणीने केली, त्यांच्या तरुणपणी, ते नुसते खलाशी होते तेव्हा. त्या एका बोटाची किंमत मोजून ते शिकले होते, म्हणून अंगणात आमच्यावर ओरडणं.

वारा वाढला की शीड गुंडाळून लहान करायची रीत आमच्याकडे नव्हती. परबाण खाली उतरवायची, मोठं शीड सोडायचं, धाकटं बांधायचं आणि परबाण पुन्हा वर. सात-आठ माणसांनी एका सुरात ओढल्याशिवाय ती हलत नाही. म्हणून ओढताना गाणं. तांडेलाने एक ओळ टाकायची, बाकीच्यांनी शेवटच्या शब्दावर जोर लावायचा. आणि माणसं कमी पडली तर प्रवाशांनी हात लावायचा. आजोंच्या पडावावर मुंबईला गिरणीत कामाला निघालेली पोरं असत, ती भाड्याऐवजी दोर ओढत. मातीच्या पेटीतल्या चुलीवर भात शिजायचा, सोबत सुकट आणि आमसुलाचं सार. झोपायला कौलांवर पसरलेलं जुनं शीड.

साहेब लोकही याच जहाजांनी फिरले. रिचर्ड बर्टन हा कंपनी सरकारच्या फौजेतला तरुण अधिकारी १८४७ साली आजारपणाच्या रजेवर मुंबईहून गोव्याला गेला तो फतेमारीने. १८५१ साली छापलेलं त्याचं गोव्याचं पुस्तक त्या प्रवासापासूनच सुरू होतं. तो आमच्या किनाऱ्यासमोरूनच गेला असणार, दुसरी वाटच नाही.

मग आगबोटी आल्या. त्यांनी फतेमारीचे प्रवासी नेले, पण पडावाचं काम काही काळ वाढवलंच. आगबोट मालवणच्या धक्क्याला लागू शकत नसे, ती बाहेर उभी राहायची. माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, नवऱ्या मुली, सगळं पडावातून बोटीपर्यंत. मी स्वतः मावशीबरोबर अशीच मुंबईला गेले. लाटेवर पडाव वर आला की शिडीवरच्या माणसाने हात धरायचा आणि पडाव खाली जायच्या आत आपण उडी मारायची. तांडेल मोठ्याने सांगायचा, "आता!" तो एक शब्द नेमका वेळेवर पडायचा.

शिडाचा शेवट इंजिनाने केला, आणि त्याहून जास्त रस्त्याने. खाड्यांवर पूल झाले, ट्रक थेट दारात येऊ लागला. ज्या जहाजात इंजिन बसलं त्याला शीड फिरवायला सात-आठ माणसं कशाला? आजोंचा पडाव मालकाने विकला. त्याची उंडीची डोलकाठी कितीतरी वर्षं खाडीच्या काठी पडून होती, तिच्यावर बायका जाळी सुकवायच्या.

तरी सगळं गेलेलं नाही, आणि हेच मला सांगायचं आहे. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, काही होड्या अजून काथ्याने शिवलेल्या सापडतात. फळीला फळी खिळ्याने न ठोकता भोकं पाडून दोराने आवळलेली. वाळूवर लाटेने आपटली तरी अशी होडी थोडी लवते, फुटत नाही. हीच जुनी विद्या वापरून गोव्याच्या दिवाडी बेटावरच्या 'होडी इनोव्हेशन्स'ने अजिंठ्याच्या चित्रावरून एक पूर्ण जहाज शिवलं. केरळच्या कारागिरांना घेऊन बाबू शंकरन यांनी ते उभं केलं आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ते 'कौंडिण्य' या नावाने नौदलात आलं. त्याआधी गोवा शिपयार्डने बांधलेलं 'तरंगिणी' १९९७ पासून नौदलाच्या तरुणांना शीड शिकवतं आहे. तीन डोलकाठ्या, वीस शिडं. २०१८ च्या उन्हाळ्यात ते युरोपातल्या उंच शिडांच्या शर्यतीत उतरलं. इंग्लंडचं संडरलंड, डेन्मार्कचं एस्बियर्ग, नॉर्वेचं स्टावांगर, नेदरलँड्सचं हारलिंगन अशी ती वाट होती. आमच्या शेजारच्या गोव्यात बांधलेलं जहाज माझ्या भाचीच्या देशातल्या बंदरात शिडं उभारून उभं होतं, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

पण नौदलाचं जहाज नौदलाच्या मुलांसाठी. तारकर्ली, देवबाग, मालवणला येणाऱ्या पर्यटकाला आम्ही काय देतो? लाइफ जॅकेट, बसायला बाकडं, इंजिनाचा आवाज, अर्ध्या तासात डॉल्फिन दाखवून परत. स्कूबाचं चांगलं चाललं आहे, त्यावर आमच्या पोरांची घरं चालतात, त्याला माझा विरोध नाही. पण ज्या किनाऱ्याने तीनशे वर्षं शिडं हाकली, तिथे एकाही पाहुण्याच्या हातात आम्ही दोर देत नाही. नॉर्वेच्या लोकांनी आपली जुनी जहाजं काचेत ठेवली नाहीत, कामाला लावली. त्यांच्या भाड्याचा डागडुजीला हातभार लागतो आणि विद्या हातातून हातात जाते. शीड फिरवायचं वाचून येत नाही. मी वर एवढा परिच्छेद लिहिला, पण तो वाचून कुणालाही परबाण फिरवता येणार नाही.

मला हवा आहे एक पडाव, खरा, फार मोठा नको. मुलांना आणि पाहुण्यांना घेऊन सर्जेकोटहून मतलईवर निघायचं, देवगडला मुक्काम, हवा असेल तर विजयदुर्ग, आणि खाऱ्यावर परत. चार तासांची पाळी, पाळीला एक जाणता तांडेल. पुढे बंदर खात्याचे परवाने, विमा, सुरक्षेची बोट, हे सगळं लागेल आणि ते लागायलाच हवं.

आमच्या वाडीत एक जण आहेत, ऐंशी ओलांडलेले, ज्यांनी तरुणपणी शिडावर काम केलं आहे. मी त्यांना विचारलं, शिकवाल का? त्यांनी आधी विचारलं, काठी कसली घालणार? मी म्हटलं, उंडीची. मग म्हणाले, "परबाण माका इचारल्याबिगर कापू नको. लांब झाली तर पोरांका पेलूची नाय." आणि सुपारी कातरता कातरता त्यांनी दामणीसाठी काथ्या किती पदरी वळायचा ते सांगायला सुरुवात केली. मी वही उघडली.